झोपलेलं लोखंड

लांबोर सैन्यात होता, हे एंकेलाउ नदीच्या काठावर सगळ्यांना ठाऊक होतं. सैन्यात तो नेमकं काय करत होता, हे मात्र एकट्या त्याच्या बायकोला ठाऊक होतं, आणि ते चारचौघांत सांगायची संधी ती सहसा सोडत नसे.

"कोठारात बसायचा," जिलान ओसरीवर वेत सोलता सोलता सांगायची. "ब्लँकेटं मोजायचा, बूट मोजायचा, मासळीचे डबे मोजायचा. एकदा एक डबा कमी भरला, तर ह्याला ताप भरला. ह्याचं युद्ध ते एवढंच."

लांबघर म्हणजे एकाच लांबलचक छपराखाली सगळं गाव, आणि त्याची ओसरी सगळ्या बिऱ्हाडांपुढून सलग जाते. त्यामुळे एका टोकाला कुणी हसलं की ते हसू दारादारांतून फिरत दुसऱ्या टोकाला पोचतं आणि तिथून परत येतं. लांबोर आपला पट्टा नीट करत बसायचा. त्या पट्ट्याला त्याचा लष्करी सुरा लटकलेला असे.

सुरा होता मात्र बघण्यासारखा. वीतभर काळं पातं, पाठीवर करवतीसारखे दात, पोकळ मूठ. मुठीत गळ, दोरा आणि मेण लावलेल्या काड्या. आणि मुठीच्या टोपणात शर्टाच्या बटणाएवढं होकायंत्र. तरुणपणी एकदा परदेशी पलटणीबरोबर सराव होता. तिथल्या एका तांबड्या केसांच्या शिपायाला लांबोरच्या कमरेचा कोयता आवडला. हा कोयता लांबोरच्या बापाचा, हरणाच्या शिंगाची कोरीव मूठ असलेला. शिपायानं आपला काळा सुरा पुढं केला, लांबोरनं कोयता पुढं केला. दोघंही खूश होऊन गेले, कारण दोघांनाही वाटलं की आपण समोरच्याला गंडवलं.

"सासऱ्याचा कोयता देऊन डबे उघडायची सुरी आणली," हे जिलानचं त्यावरचं मत.

निवृत्त झाल्यावर लांबोर तिच्या माहेरच्या लांबघरात राहायला आला. सणासुदीला सुरा पट्ट्याला, आणि शेतावर जाताना हातात बायकोच्या घरचा उसना कोयता, असं त्याचं चाललं होतं. सुऱ्यानं कधी काही कापलं नव्हतं असं नाही. मुलगी लुंसा मिरी शहरात नोकरीला होती, तिच्याकडून येणारी खोकी त्यानंच उघडली जायची.

लांबोरला सैन्यानं दुसरी एक गोष्ट दिली होती, ती म्हणजे घाई. वेळेवर निघायचं म्हणजे निघायचं. त्या दिवशी सकाळीही तो खाली होडीत इंजिन चालू करून बसला होता. काळ्या मिरीचे घोस पिकून तांबडे झाले होते, शेतावर जायचं होतं. जिलान टोपली पाठीला लावून जिना उतरत होती, तेवढ्यात शेजारच्या बिऱ्हाडातून गिमाच्या आईनं हाक मारली.

"अगं लुंसाच्या आये, चिकट भात उतरवलाय आत्ताच. ये, चार घास खा!"

आता कुणी खायला बोलावलं आणि वेळ नसला, तर निदान त्या अन्नाला बोट तरी लावून जायचं असतं. बोट लावलं की झालं. न लावता गेलं की वाटेत काहीतरी होतं. विंचू चावतो, पाय घसरतो, मगर दिसते. हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. जिलान अर्ध्या जिन्यातून वळलीही होती.

"चल गं! उशीर होतोय!" लांबोर खालून ओरडला.

ती वळली की नाही, वर गेली की नाही, बोट लावलं की नाही, हे लांबोरनं पाहिलं नाही. तो इंजिनाकडं बघत होता. ती होडीत येऊन बसली, एवढं त्याला आठवतं.

दुपारी शेतावरच्या खोपटाच्या शिडीवरून जिलान पडली. शिडी म्हणजे खाचा पाडलेला एकच ओंडका, लोखंडासारख्या कठीण लाकडाचा, आजोबांच्या वेळेपासून तिथंच. ती त्यावरून हजार वेळा चढली-उतरली असेल.

हाड मोडलं नाही. कापित गावच्या दवाखान्यात फोटो काढला, डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, इंजेक्शन दिलं, विश्रांती घ्या म्हणाल्या. पण जिलान घरी येऊन चटईवर पडली ती उठेचना. भात पुढं ठेवला की भिंतीकडं तोंड. सगळ्यात वाईट म्हणजे ती बोलत नव्हती. लांबोरनं मुद्दाम तिच्यासमोर बटाटे सुऱ्यानं सोलून पाहिले. निम्मा बटाटा सालीबरोबर गेला. जिलान काही म्हणाली नाही. तेव्हा मात्र लांबोरनं सुरा खाली ठेवला.

"जीव तिथंच राहिलाय तिचा," गिमाची आई दारात उभी राहून म्हणाली. "मी तर हाक मारली होती बाबा. माझ्याकडं बोट दाखवू नका कुणी."

"तिनं बोट लावलं होतं का नाही भाताला?" लांबोरनं विचारलं.

"मी चुलीकडं तोंड करून होते. तू नव्हतास का बघत?"

"मी इंजिनाकडं बघत होतो."

"मग त्या इंजिनालाच विचार."

मग रांगाउ आजाला बोलावलं. रांगाउ आजा म्हणजे नदीवरचा शेवटचा भगत. फुटबॉलची जुनी जर्सी घालतो, कॉफीत आटवलेल्या दुधाचा अर्धा डबा ओततो, आणि त्याशिवाय कामाला हात लावत नाही. त्यानं कॉफी संपवली, जिलानची नाडी पाहिली, कपाळाला हात लावला, आणि म्हणाला, "जीव सैल झालाय. घट्ट करावा लागेल. नवऱ्याचं लोखंड पाहिजे."

जीव घट्ट करायला लोखंड देतात. कोयता, कुऱ्हाडीचं पातं, काहीही. पण ते देणाऱ्याचं स्वतःचं पाहिजे, उसनं चालत नाही. आणि एकदा दिलं की ते घेणाऱ्याचं, परत मागायचं नाही.

लांबोरचा हात आपोआप पट्ट्याकडं गेला आणि तिथंच थांबला. त्याच्याकडं स्वतःचं म्हणावं असं एवढं एकच लोखंड होतं. इतक्या वर्षांच्या नोकरीतून पेन्शन सोडली तर हातात धरता येईल असंही तेवढंच. द्यावं तर हे जाणार. न द्यावं तर जिलान. एवढं साधं होतं, तरी त्याला एकदम घाम फुटला, आणि घाम फुटल्याची लाज वाटली. त्यानं सुरा काढून पुढं ठेवला.

आजानं तो उलटा केला, सुलटा केला, वास घेतला. "हे लोखंड आहे?"

झालं. ओसरीवर बसलेल्या सगळ्यांना तोंड फुटलं. काळं कसं? गंजत कसं नाही? जे गंजत नाही ते लोखंड कसलं? कुणीतरी जाऊन मोडक्या स्पीकरमधलं चुंबक घेऊन आलं. सुऱ्याला लावलं, ते टप्पकन चिकटलं.

"चिकटलं! म्हणजे लोखंडच!"

"चिकटते तर जळूपण," गिमाची आई म्हणाली.

मग चुंबक पात्यावर, मुठीवर, टोपणावर, सगळीकडं फिरवून झालं. मूठ चिकटते की नाही यावर दोन माणसं भांडली. शेवटी आजानं हात वर केला.

"लोखंड आहे. पण झोपलेलं आहे. लांबोर, ह्यानं आजवर काय कापलंय?"

लांबोरनं खरं सांगितलं. "खोकी."

कुणी हसलं नाही. हसणारी आत भिंतीकडं तोंड करून पडली होती.

"झोपलेलं लोखंड सैल जिवाला काय धरणार?" आजा म्हणाला. "उद्या ह्याला रानात ने. भात शिजवायला बांबूची नळकांडी कापून आण. मनगटाला बांधायला वेत सोलून आण. आणि ज्या शिडीवरून ती पडली, तिचा एक ढलपा काढून आण. सगळं ह्याच हत्यारानं. दुसऱ्याला हात लावायचा नाही. ढलपा काढताना तिला हाक मार, घरी चल म्हण. दिवस मावळायच्या आत ये."

"आणि नाही कापता आलं तर, आजा?"

"मग तू सैन्यात काय करत होतास इतकी वर्षं?"

लांबोरनं सुरा पुन्हा पट्ट्याला अडकवला.

सकाळी तो निघाला. बांबूचं बेट होडीनं थोडं वर गेल्यावर लागतं. त्यानं होडी झाडाला बांधली, बाह्या वर सारल्या, आणि पहिला घाव घातला. सुरा बांबूवर आपटून टुणकन परत आला. कोयत्याला आपलं वजन असतं, तो खाली येताना स्वतःच काम करत येतो. ह्या सुऱ्याचं सगळं वजन मुठीत, जिथं गळ आणि काड्या होत्या. दुसरा घाव घसरला. तिसऱ्याला बांबूवर एक ओरखडा उठला. मग लांबोरला पाठीवरचे दात आठवले. करवत लावली, तर ओल्या बांबूच्या तंतूंनी ते दात असे भरले की चार ओढीत सुरा अडकून बसला. शेवटी त्यानं पातं बांबूवर आडवं धरलं आणि वरून दांडक्यानं ठोकलं. बांबू थोडा कापला गेला, पण दांडकं त्याहून जास्त. पाठीचे दात दांडकंच खात होते. एक दांडकं संपलं, दुसरं घेतलं.

एवढं करून नळकांडी निघाली. कडा अशा की कुणी दातांनी तोडली असावीत.

वेतानं जरा मान राखला. वेताचे काटे खरवडायला सुरा चांगला होता, अगदी चांगला. लांबोरला वाटलं, बघा, जागं होतंय. मग वेत चिरायला घेतला. सुऱ्याची धार जाड, ती वेतात शिरली की पाचरीसारखी एका बाजूला पळायची. एक पट्टी रुंद, एक धाग्यासारखी, एक मध्येच संपलेली. पायाला जळू चिकटली होती, तीही त्यानं सुऱ्यानं काढली. ते काम एकदम सफाईदार झालं. जळू काढणं हे कापणं धरायचं की नाही, हे त्याला कळेना.

तिथून शेतावरचं खोपटं रानातून तिरकं गेलं तर जवळ पडतं, असं जिलान म्हणायची. ती वाट ती पायाखाली घालायची, लांबोर नेहमी होडीनं जायचा. पण आज हत्याराला रान दाखवायचं होतं. आणि हत्यारात होकायंत्र होतं. खोपटं उत्तरेला, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानं टोपणाकडं पाहिलं, काटा जिकडं होता तिकडं चालू लागला.

थोडं गेल्यावर डावीकडून एक पक्षी ओरडला. डावीकडचा चांगला की उजवीकडचा? की ते पक्ष्यावर अवलंबून असतं? बाप असता तर आवाजावरून पक्ष्याचं नाव, गाव आणि म्हणणं सांगितलं असतं. लांबोर थांबला. परत फिरावं असा त्याचा अर्थ असेल, तर फिरायला हवं. पण पुढं जा असा असेल, तर फिरणं म्हणजे पुन्हा पहिल्यासारखीच चूक. पक्षी आणखी एकदा ओरडला, या वेळी डोक्यावरून. लांबोरनं काट्याकडं पाहिलं. काटा ठाम होता. लांबोर काट्याचं ऐकून चालत राहिला. झाडं ओळखीची वाटू लागली, वासही ओळखीचा वाटू लागला. झुडूप बाजूला सारून तो बाहेर आला, तर समोर गिमाची आई डुकरांना खायला घालत होती.

"आलास पण?" ती म्हणाली.

लांबोरनं लांबघराच्या मागच्या बाजूकडं पाहिलं, डुकरांकडं पाहिलं, होकायंत्राकडं पाहिलं. ते शांतपणे डुकरांकडं उत्तर दाखवत होतं.

"नाही, जातोय," तो म्हणाला. "पाहणी करत होतो."

"डुकरांची?"

काल चुंबक फिरवलं तेव्हा काटा पार उलटा झाला होता, हे त्याला बरंच पुढं गेल्यावर उमगलं. पक्ष्यानं तेच सांगितलं होतं की काय, हे मात्र उमगलं नाही. तो काठाकाठानं होडीपर्यंत गेला आणि नेहमीसारखा नदीनंच शेतावर पोचला.

खोपटाशी कुणी नव्हतं. मिरीचे घोस वेलीवरच सुकायला लागले होते. खाली जिलानची टोपली पडली होती, तशीच आडवी. लांबोरनं ती उचलून सरळ ठेवली. मग शिडीसमोर उभा राहिला.

ते लाकूड कुऱ्हाडीलाही दाद देत नाही. लांबोरनं धार चालवून पाहिली, ठोकून पाहिलं. लाकडाचं सालपटसुद्धा उडालं नाही. मग एका खाचेत सुऱ्याचं टोक दोन्ही हातांनी खुपसलं आणि ढलपा निघावा म्हणून सगळा भार टाकून पिळलं.

टण्ण असा आवाज झाला. सुरा हातात हलका लागला. टोक, नखाएवढं, शिडीतच राहिलं होतं.

लांबोर शिडीच्या पायाशी बसला. ढलपा निघाला नव्हता. उलट शिडीनंच सुऱ्याचा ढलपा काढून घेतला होता. हे झालं काय? जिलान जिथं पडली तिथं त्याचं लोखंड रुतलं, म्हणजे काम झालं? की आता अर्धं लोखंड इकडं नि अर्धं तिकडं, म्हणून जीवही अर्धा इकडं नि अर्धा तिकडं? आजा असता तर विचारलं असतं. जिलान असती तर तिनं न विचारता सांगितलं असतं.

हाक मारायची राहिली होती. त्यानं घसा साफ केला. इतक्या वर्षांत बायकोला नावानं हाक मारायची सवय राहिली नव्हती.

"लुंसाच्या आये," तो म्हणाला. रानात आवाज फार मोठा वाटला, म्हणून त्यानं हळू आवाजात पुन्हा सांगितलं, "लुंसाच्या आये, घरी चल."

'चल' म्हणाला आणि त्याचीच जीभ अडखळली. हाच शब्द त्या दिवशी होडीतून ओरडला होता. त्यानं टोपली जवळ ओढली. मग म्हणाला, "सावकाश ये. घाई नाही. मी थांबतो." आणि खरंच थांबला. टोपली शेजारी घेऊन, किती वेळ ते त्याला कळलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं घड्याळ पाहिलं नाही.

दिवस कलला तेव्हा तो ओसरीवर पोचला. जिलानला बाहेर आणून खांबाला टेकवून बसवलं होतं. रांगाउ आजाची कॉफी चालली होती. लांबोरनं सगळं चटईवर मांडलं: नळकांडी, वेत, सुरा.

"ढलपा?" आजानं विचारलं.

"नाही निघाला."

"आणि हत्याराचं टोक?"

"ते शिडीत आहे."

आजानं कप खाली ठेवला. असं त्याच्या आजाच्याही काळात झालं नसावं, कारण तो कुणाचंच नाव घेऊन काही सांगेना. ओसरीवर लगेच दोन तट पडले. शिडीनं आपला हिस्सा घेतला, आता जीव सुटला, असं एक म्हणत होते. मोडकं लोखंड दिलं तर जीवही मोडका राहील, असं दुसरे. लांबोर एकदा ह्याच्या तोंडाकडं, एकदा त्याच्या तोंडाकडं बघत होता, आणि दोघांचंही त्याला पटत होतं.

"हे कुणी कापलंय? उंदरानं?"

जिलाननं बांबूचं एक नळकांडं उचललं होतं आणि त्याच्या कडेवरून अंगठा फिरवत होती.

"मी," लांबोर म्हणाला.

"आणि हे काय आहे? नूडल्स?" तिनं वेताच्या पट्ट्या उचलून खाली टाकल्या. आवाज बारीक होता, पण आतली धार जागच्या जागी होती. "माझी सुरी आणा कुणीतरी. असलं मनगटाला बांधलं तर मी मरेन ती लाजेनंच."

गिमाची आई डोळे पुसत सुरी आणायला पळाली. लांबोरला हसू येत होतं की रडू, हे त्यालाच ठरवता येत नव्हतं, म्हणून त्यानं दोन्ही थोडं थोडं केलं.

मग नवीनच घोळ उभा राहिला. लोखंड अजून दिलंच नव्हतं. जीव परत आला तो लोखंड द्यायच्या आधी. मग आता द्यायचं कशाला? की आता दिलं नाही तर तो पुन्हा जाईल? सगळ्यांनी आजाकडं पाहिलं. आजानं रिकाम्या कपात पाहिलं.

"म्हणजे..." लांबोरच्या तोंडून निघून गेलं, "सुरा मी ठेवू?"

अख्खी ओसरी त्याच्याकडं अशी वळली की त्याला आपण कपडे घातलेत ना, अशी शंका आली.

जिलाननं हात पुढं केला. "आण इकडं. त्याच्यापायी नदीत बुडाला असतास म्हणजे?"

"नदीत नाही, डुकरांत गेला होता," गिमाच्या आईनं सुरी देता देता सांगितलं.

लांबोरनं सुरा दोन्ही हातांनी दिला. आजा काहीतरी पुटपुटला, वेत बांधला गेला. जिलाननं स्वतःच्या हातानं पुन्हा चिरलेला, सरळ, एकसारखा. त्यानंतर ती भात खाऊन झोपली.

डॉक्टरीणबाईंच्या गोळ्यांनी झालं, असं लुंसा मिरीहून फोनवर म्हणाली. शिडीतल्या टोकानं झालं, असं आजा म्हणतो. उंदरानं कापलेला बांबू बघून संतापानं झालं, असं गिमाची आई म्हणते. लांबोरला वाटतं, थांबल्यानं झालं. पण ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. तोंड उघडलं की काहीतरी उलटंच होतं, एवढं त्याला आता अनुभवानं ठाऊक झालं होतं.

टोक गेल्यावर सुरा भलताच कामाचा निघाला. टोकाशी सपाट झालेलं ते पातं जिलान आलं खणायला वापरते, मिरीच्या बुंध्यातलं तण उपटायला वापरते, दगडाला चिकटलेल्या गोगलगायी सोडवायला वापरते. जी कामं लांबोरला रानात दिवसभर जमली नाहीत, ती तिनं सुऱ्याला सांगितलीच नाहीत. लांबोरच्या पट्ट्याला आता बाजारचा नवा कोयता असतो. स्वतःचा, पण अजून अनोळखी. तो सुऱ्याकडं बघतो तेव्हा आपण तो दिला, की हरवला, की पहिल्यांदाच मिळवला, हे त्याला सांगता येत नाही.

परवा सकाळी पुन्हा शेतावर निघायचं होतं. लांबोर होडीत बसला होता, इंजिन बंद. जिलान जिना उतरत होती. वरून गिमाच्या आईची हाक आली.

"अगं, केक केलाय वाफेवरचा! कॉफीपण आहे!"

लांबोरनं तोंड उघडलं. आतला शब्द जिभेवर आला. तो त्यानं गिळला आणि नदीकडं बघत राहिला. जिलान वळली, वर गेली, आणि बोट लावून परत यायचं सोडून चांगली मांडी घालून बसली.

"लुंसाच्या बापा," वरून आवाज आला, "होडी काही पळून जात नाही. वर ये."

तो वर गेला. जिलाननं आटवलेल्या दुधाचा डबा मांडीत धरला होता. तिनं कमरेचा काळा सुरा काढला, त्याची सपाट कड डब्याच्या काठाला लावली, तळव्यानं एक ठोका दिला, आणि झाकण गोल उचकटून निघालं.

"मी म्हटलं नव्हतं?" ती गिमाच्या आईला म्हणाली. "डबे उघडायची सुरी."

ही स्तुती होती की टोमणा, लांबोरला कळलं नाही. त्यानं केकचा तुकडा घेतला आणि जुन्या सवयीनं डबे मोजले. एक होता, आणि तो बरोबर भरत होता.